हलवणारा

‘जागच्या जागी’ हा गेम लेखिकेने सुरू केला आणि अर्ध्या तासातच तिच्या नवऱ्याने तिच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला.

“दे इकडे. तू भिंतीवर डोकं आपटत बसशील,” तो म्हणाला. “मी खेळतो, तू नुसती बघ.”

नवरा दातांचा डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद, आणि अवघड जागी बारीक हत्यार चालवायची त्याला सवय. तो झरझर पुढे गेला. ती मांडीवर उशी घेऊन शेजारी बसली आणि थोड्याच वेळात तिला जांभई आली. तिचं तिलाच नवल वाटलं. मघाशी स्वतः खेळताना तिच्या तळहातांना घाम फुटला होता. आताही पडद्यावर तेच घर होतं, तोच अंधारलेला पॅसेज. बटण फक्त दुसऱ्याच्या हातात गेलं होतं, आणि भीती कुठल्या कुठे पळाली होती.

“बोंबला,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“हीच तर पंचाईत आहे. फिल्म म्हणजे दुसऱ्याला खेळताना बघणंच की!”

या गेमवरून तिला चित्रपटाची पटकथा लिहायची होती. काम दिलं होतं काकाने. काका म्हणजे दिग्दर्शक. वय चाळिशीच्या आतलंच, पण ढेरी आणि न मागता दिलेले सल्ले, या दोन गोष्टींमुळे सगळं युनिट त्याला काका म्हणायचं. गेमचे हक्क घ्यायचं बोलणं झालं होतं, सह्या व्हायच्या होत्या.

गेम तसा साधा. तुम्ही एका घरात आहात, घर तुमचंच आहे. तुम्हाला चहा करायचा आहे, चष्मा शोधायचा आहे, खिडकी उघडायची आहे आणि शेवटी दारातून बाहेर पडायचं आहे. बस. पण तुमची पाठ वळली की कुणीतरी वस्तू हलवतं. ओट्यावरची साखर फडताळाच्या वरच्या खणात जाते. उघडलेली खिडकी बंद होते. आत्ता इथे ठेवलेलं पुस्तक भलत्याच खोलीत सापडतं. रक्त नाही, किंकाळी नाही, केस मोकळे सोडलेली बाई नाही. हलवणारा कधी दिसतच नाही. धडपडत दारापर्यंत पोचलात तर कडी इतकी वर गेलेली असते की हात पुरत नाही, आणि तिथेच पडदा काळा होतो.

खेळणाऱ्यांनी त्या न दिसणाऱ्याचं नाव ‘हलवणारा’ ठेवलं होतं आणि तो कोण यावर इंटरनेटवर रणं माजली होती. कुणी म्हणे ते मेलेल्या बापाचं भूत. कुणी म्हणे खेळणारा हाच मेलेला आहे. पुष्कळांचं मत होतं की खेळणारा लहान मूल आहे, कारण सगळं खालून दिसतं. एकाने तर खेळणारा मांजर आहे असं सप्रमाण सिद्ध केलं होतं.

“मला उत्तर पाहिजे, बाई,” काका म्हणाला. “गेममध्ये चालतं, लोक स्वतः घाबरून घेतात. इथे प्रेक्षक खुर्चीत हात बांधून बसणार. त्याला कोण हलवतंय ते सांगायलाच लागेल. आणि पोस्टरवर मी कुणाचं तोंड लावू? साखरेच्या डब्याचं?”

“मग काय टाकू?”

“मेलेली आई टाक. लांब नखं.”

“आईने काय घोडं मारलंय तुझं? आधी ज्याने गेम केलाय त्याला विचारते.”

ज्याने गेम केला होता तो एकटाच होता, निदान नाव तरी एकाचंच होतं. तळमजल्यावरचं त्याचं घर नीटनेटकं, फिनाइलचा वास येणारं. गेमवाला पंचेचाळिशीचा, मऊ बोलणारा, बाह्यांची बटणं लावलेला माणूस होता. त्याने तिला बसवलं, तिची खाली ठेवलेली पर्स उचलून खुंटीला अडकवली. “धूळ लागते,” तो म्हणाला. चहा आणला. आतलं एक दार बंद होतं. तिकडे तिची नजर गेलेली पाहून तो म्हणाला, “बहीण आहे. पडलीये जरा. तिला बरं नसतं.”

लेखिकेने विचारायला सुरुवात केली. हलवणाऱ्याची पावलं का वाजत नाहीत?

“चांगला प्रश्न आहे,” गेमवाला म्हणाला. “एक मिनिट हं, गॅस बघून येतो.”

तो आत गेला. बंद दार उघडल्याचा, मग लागल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा उत्तर तयार होतं. “ज्याचं घर असतं त्याच्या पावलांचा आवाज आपल्याला येत नाही. सवयीचा होतो. म्हणून.”

उत्तर इतकं नेमकं होतं की तिने ते लगेच टिपून घेतलं. मग विचारलं, उंबरठा ओलांडताना दर वेळी चित्राला हिसका का बसतो? लोक म्हणतात, ती चूक राहून गेलीये.

“चूक नाही ती,” तो घाईने म्हणाला, आणि मग, “पाणी आणतो तुम्हाला.”

पाणी आलं, उत्तरही आलं. तिसऱ्या प्रश्नाला त्याला कुठलीशी गोळी द्यायची आठवण झाली. लेखिकेचा स्वभाव मुळातच संशयी. नवरा म्हणायचा, ही देवळात गेली तरी चपला कोण नेईल ते आधी ठरवून येते. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी सहज विचारलं, “आणि ते बाथरूममधलं बंद पडलेलं घड्याळ? ते मला फार आवडलं. ते कसं सुचलं?”

या वेळी तो उठला नाही. कदाचित पुन्हा उठणं त्यालाच बरं दिसेना. “घड्याळ म्हणजे काळ,” तो म्हणाला. “काळ थांबलाय, असं सुचवायचं होतं मला.”

गेममध्ये बाथरूममध्ये घड्याळ नव्हतं. अख्ख्या गेममध्ये कुठेच घड्याळ नव्हतं.

तिने काहीच दाखवलं नाही. निघाली तेव्हा तो तिला फाटकापर्यंत सोडायला आला, आणि घराबाहेर पडताना त्याने दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि कुलूप लावलं. हे सगळं हाताच्या सवयीने, तिच्याशी बोलता बोलता.

“आत बहीण आहे ना?” तिने विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “म्हणूनच.”

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बेसिनवर हात धूत होता.

“म्हणजे तुझं म्हणणं, गेम त्याने केलेला नाही.”

“त्याला स्वतःच्या गेममध्ये घड्याळ आहे की नाही ते माहीत नाही! आतल्या खोलीत कुणीतरी आहे. ते करतं आणि हा मिरवतो. आणि त्या कुणालातरी तो कुलपात ठेवतो.”

“आजारी बहीण आहे. फाटकापर्यंत गेला, कुलूप लावलं. मी पण लावतो.”

“माझ्यावर?”

“दवाखान्याला,” नवरा म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर आता तेवढं हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेल्यावर तिने गेम पुन्हा सुरू केला. या वेळी कंट्रोलर कुणाला न देता, चुका करत, हळूहळू, आणि मुख्य म्हणजे काय भयानक आहे ते न बघता काय विचित्र आहे ते बघत. चाल विचित्र होती. माणूस चालताना थोडा वरखाली होतो, इथे चित्र सरळ सरकत होतं. वळायला वेळ लागत होता. पाठीमागे वळून बघायचं तर पूर्ण फिरावं लागत होतं. ओट्याखालचे खण स्वच्छ दिसत, ओट्यावरचं काठाशी असेल तेवढंच. उंबरठ्यावर हिसका. ती खुर्चीत बसून खेळत होती. एकदम तिच्या लक्षात आलं की तिचे डोळे ज्या उंचीवर आहेत, अगदी त्याच उंचीवर पडद्यावरचे डोळे आहेत.

खेळणारा लहान मूल नव्हता. मांजर तर नव्हताच. तो बसलेला होता, आणि त्याच्या खुर्चीला चाकं होती.

तिने खेळ तिथेच थांबवला. गेमवाल्याच्या घरात दारांच्या चौकटींवर, गुडघ्याच्या उंचीवर, काळपट घासल्याच्या खुणा होत्या. तेव्हा तिला वाटलं होतं, सामान हलवताना लागलं असेल.

तिने काकाला फोन केला. “गेमवाल्याला उद्या दुपारी साउंडच्या स्टुडिओत बोलाव. बसवून ठेव त्याला.”

“कशाला? आणि बसवून म्हणजे किती?”

“आवाजांबद्दल विचार. तुझे सल्ले दे. तू बोलायला लागलास की कुणी उठू शकतं का?”

“बाई, तू काय भानगड करतेयस?”

“पटकथा लिहितेय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती त्या घरापाशी आली. दाराला बाहेरून कुलूप होतंच. तिने बेल वाजवली नाही, तिला एकदम वाटलं की बेल वाजली आणि आतल्या बाईला उघडता आलं नाही तर ते फार वाईट दिसेल. इमारतीच्या कडेने एक बोळ जात होता, त्यात स्वयंपाकघराची खिडकी होती. खिडकी बंद. तिने काचेवर टकटक केलं.

आतून काहीतरी लाकडी घासत गेलं. मग एक लांब दांड्याची पळी काचेमागे वर आली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा वरच्या खिटीला लागली आणि खिडकी उघडली. आत व्हीलचेअरवर पस्तिशीची एक बाई बसली होती. केस बारीक कापलेले, मांडीवर लॅपटॉप, हातात पळी.

“घड्याळवाल्या तुम्हीच ना?” ती म्हणाली. “मला आतून ऐकू येत होतं. मी एवढी हसले की उशी तोंडात कोंबावी लागली.”

लेखिकेने वाक्यं तयार करून आणली होती, त्यांतलं एकही या बाईला शोभणारं नव्हतं. शेवटी तिने सरळच विचारलं, “तुम्हाला त्याने कोंडलंय का? मी कुणाला बोलावू का?”

“कोंडलंय हा शब्द मोठा आहे हो. माझ्याकडे फोन आहे. शेजारणीकडे किल्ली आहे. मी हाक मारली तर अर्धी इमारत येईल.” तिने पळी ओट्यावर ठेवली. “माझा दादा चांगला माणूस आहे. तीच तर अडचण आहे. वाईट असता तर सोपं होतं.”

“मग हलवणारा...”

“दादा,” ती म्हणाली. “दुसरं कोण? घरात आहेच कोण?”

मग खिडकीच्या गजांतून तिने सगळं सांगितलं. अपघात झाला तेव्हा ती कॉलेजात होती. आईवडील पाठोपाठ गेले. दादाचं लग्न ठरलं होतं, मुलीकडच्यांनी विचारलं, बहिणीचं काय करणार? त्याने लग्न मोडलं. त्यानंतर त्याने तिचं सगळं केलं, औषधं, डॉक्टर, अंघोळीची बाई, फिरायला नेणं. तिच्यावर एकदाही ओरडला नाही.

“फक्त वस्तू उचलतो,” ती म्हणाली. “साखर वर, कारण मुंग्या लागतात. खिडकी बंद, कारण वारा लागेल. सुरी वर, का ते विचारायलाच नको. मी काही हातात घेतलं की त्याचा हात आलाच, दे इकडे. दिवसभर मी माझ्याच घरात वस्तू शोधत फिरते. आणि ज्याने माझ्यासाठी आयुष्य ओवाळून टाकलं, त्याला मी काय सांगू? साखर खाली ठेव? कृतघ्न म्हणतील लोक. मीच म्हणेन.”

“म्हणून गेम केलात.”

“तोंडाने सांगता येईना, म्हणून करून दाखवला. माझी खुर्ची, माझं घर, माझी पाठ. म्हटलं, खेळला की कळेल.”

“खेळला?”

“पहिल्यापासून शेवटपर्यंत, तीनदा. हातपाय गार पडले त्याचे. मला म्हणाला, चिमे, हा हलवणारा कसला विकृत माणूस आहे गं! आणि असं म्हणत म्हणत माझ्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला आणि टेबलावर नेऊन ठेवला. गरम होतो म्हणून.”

लेखिकेला हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला.

“आणि गेमवर नाव त्याचं कसं?”

“मी माझंच घातलं होतं. तो म्हणाला, लोक वाईट असतात, बाईचं नाव दिसलं की त्रास देतात, माझं लाव. तेही उचलून ठेवलं त्याने. वरच्या खणात.”

बोळाच्या तोंडाशी एक सायकल गेली. लेखिका दचकून मागे वळली. स्टुडिओत काका अजून बोलत असेल अशी तिने मनोमन प्रार्थना केली.

“मग मी काय लिहू? काका मेलेली आई मागतोय.”

“जे आहे ते लिहा.”

“तुमच्या दादाला कळेल.”

“अहो, म्हणून तर मला फिल्म हवी आहे.” चिमी खुर्ची पुढे घेऊन खिडकीला अगदी चिकटली. “माझी चूक कुठे झाली ते मला उशिरा कळलं. गेम खेळताना तो मी झाला होता. माझ्या खुर्चीत बसून, माझ्या डोळ्यांनी बघून तो घाबरला. मग त्याला तो स्वतः दिसणार कसा? फिल्ममध्ये त्याच्या हातात बटण नसेल. त्याला बाहेर बसून बघावं लागेल, एक माणूस एका बाईच्या घरात काय करतो ते.”

पहिल्या रविवारपासून लेखिका ज्या भिंतीवर डोकं आपटत होती, तिच्यातच दार होतं. फिल्म म्हणजे नुसतं बघणं, हीच अडचण समजून ती रडत बसली होती.

“तो चिडला तर?” तिने विचारलं. “तुम्हाला काही केलं तर?”

“मला तसं वाटत नाही,” चिमी म्हणाली. मग, “पण मला तो चिडलेला कधी बघायलाच मिळालेला नाही. तेव्हा खात्री नाही देऊ शकत.”

लेखिकेने लिहायला घेतलं. कॅमेरा शेवटपर्यंत खुर्चीत बसलेल्या बाईच्या उंचीवर. आधी फक्त वस्तू हललेल्या दिसतात. मग उचलणारे हात दिसतात, स्वच्छ, नखं कापलेले. मग बाह्या, बटणं लावलेल्या. तोंड अगदी उशिरा, आणि ते दिसतं तेव्हा ते हसरं, काळजीने भरलेलं. काकाने वाचलं आणि बराच वेळ काही सल्लाच दिला नाही. लेखिकेच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडलं.

“पोस्टरला तोंड मिळालं,” तो शेवटी म्हणाला. “पण बाई, हे गेमवाल्याला वाचून दाखवायला लागेल. सही त्याची आहे.”

वाचन काकाच्या ऑफिसात झालं. गेमवाला वेळेच्या आधी येऊन बसला होता. लेखिका वाचत होती आणि एक डोळा त्याच्यावर ठेवून होती. सुरुवातीला तो मान डोलवत होता. साखरेच्या प्रसंगाला त्याने पुढचं टेबल सरळ केलं. हात दिसले तेव्हा त्याची मान थांबली. शेवटचं पान संपलं तेव्हा तो म्हणाला, “हे जमलेलं नाही.”

“काय जमलं नाही?” काकाने विचारलं.

“हा माणूस खलनायक नाही. तुम्ही त्याला उगाच खलनायक केलाय. त्याने वाईट काय केलं? खिडकी लावली. ती आजारी आहे, वारा बाधतो तिला.”

“आजारी कुठे आहे ती?” काकाने पानं उलटली. “खुर्चीत आहे. आजारी असल्याचं नाही लिहिलेलं.”

“पण काचेची बरणी वर ठेवली, ते तरी बरोबरच. मागे एकदा फुटली होती, बोट कापलं होतं तिचं. रक्त थांबेना, मीच...”

तो बोलता बोलता थांबला. पटकथेत काच फुटल्याचं कुठेच नव्हतं.

गेमवाल्याने आपल्या बाह्यांकडे पाहिलं. मग लेखिकेकडे पाहिलं, आणि त्याचा मऊ आवाज तसाच राहिला तरी त्यातली ऊब गेली.

“तुम्ही माझ्या घरी आला होतात. मी स्टुडिओत होतो तेव्हा.”

“हो,” ती म्हणाली.

“तिने सांगितलं हे?”

“तिने गेम केलाय. तुम्हाला माहीत आहे.”

तो उठला. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि निघून गेला.

त्यानंतर त्याचा फोन लागेना. चिमीने दिलेल्या नंबरवरही निरोप जाईना. लेखिकेने शेजारणीचा नंबर मिळवायचा प्रयत्न केला, नवऱ्याशी भांडली, काकाशी भांडली. तिच्या डोळ्यांसमोर ती बाहेरून लावलेली कडी येत होती. आपण एका कोंडलेल्या बाईला चांगल्या वाक्यांच्या मोहापायी आणखी कोंडलं, असं तिला वाटायला लागलं. शेवटी नवराच म्हणाला, “चल, जाऊन येऊ. उघडलं नाही तर मी दात काढायला आलोय म्हणून सांगतो.”

ते चपला घालत असतानाच फोनवर चिमीचा निरोप आला. जिवंत आहे. घरात भूकंप. नंतर बोलते.

ती बोलली ती दोन दिवसांनी. दादा घरी आला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं, मोडलेलं लग्न, सोडलेल्या नोकऱ्या, आईला दिलेला शब्द. मग तीही ओरडली. म्हणाली, तुला कुणी मागितलं होतं माझ्यासाठी एवढं? शेजारीण दाराशी येऊन उभी राहिली, तिला दोघांनी मिळून परत पाठवलं.

“तोच क्षण बरा होता,” चिमी म्हणाली. “आम्ही दोघं एका बाजूला होतो.”

“आणि आता?”

“आता वेगळाच ताप आहे. काहीही उचलायच्या आधी विचारतो. चिमे, हा ग्लास उचलू का? चिमे, ही चादर घडी करू का? विचारून विचारून जीव खातो. काल म्हटलं, अरे बाबा, कचरा तरी न विचारता टाक!”

“रागावलाय का अजून?”

“रागावलाय की घाबरलाय, समजत नाही. जेवतो, बोलतो. पण मी खोलीतून बाहेर गेले की तो काय करतो ते मी हल्ली कान देऊन ऐकते. वाईट सवय लागली आहे.”

सही करायला ती स्वतः आली. करारावर नाव तिचं होतं. काकाच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर फळी टाकायला सांगितलं होतं. ती टाकली होती उलटी, त्यामुळे अर्धं ऑफिस तिची खुर्ची उचलून हमाली करत होतं आणि काका वरून सल्ले देत होता. दादाने तिला गाडीतून आणलं होतं, पण तो वर आला नाही. लेखिकेने खिडकीतून पाहिलं. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता, गाडी बंद असतानाही.

शूटिंग सुरू झालं तेव्हा चिमी रोज सेटवर असायची, कॅमेऱ्याची उंची चुकली की ओरडायची. दादा तिला सोडून जायचा आणि न्यायला यायचा. एके दिवशी दुपारी तो लवकर आला आणि मागे, केबलच्या ढिगाशी उभा राहिला. हलवणाऱ्याचं काम करणारा नट चांगला होता, पण एक प्रसंग काही केल्या होत नव्हता. बाईचा डोळा लागलेला असतो. तिच्या हाताजवळचा फोन उचलून तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावतो, एवढंच. नट डोळे बारीक करत होता, श्वास रोखत होता. काका वैतागला होता.

“असं नाही करत तो,” मागून आवाज आला.

सगळे वळले. दादा पुढे आला. तो कुणाकडे बघत नव्हता.

“तुम्ही चोरासारखं उचलताय,” तो नटाला म्हणाला. “तो चोर नाही. त्याला वाटतं, फोन वाजला तर तिची झोप मोडेल. तिच्याकडे कशाला बघताय? बघायचंच नाही. फोनकडे बघायचं. किती टक्के राहिलंय, ते बघायचं.” त्याने पलंगाशी जाऊन फोन उचलून दाखवला, अंगठ्याने पडदा पुसला आणि निघाला. “आणि जाताना दिवा घालवायचा. तिला विचारायचं नाही.”

नटाने तसंच केलं. काकाला ‘कट’ म्हणायचंही भान राहिलं नाही, कुणीतरी दुसऱ्यानेच ते म्हटलं.

दादा बहिणीजवळ येऊन उभा राहिला. तिच्या खांद्यावरची शाल एका बाजूने घसरली होती. त्याचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. तसाच हवेत राहिला थोडा वेळ. मग त्याने तो खिशात घातला. चिमीने शाल वर घेतली नाही, तशीच घसरू दिली.

दादा गाडी पुढे आणायला गेला तेव्हा लेखिका तिच्या शेजारी येऊन बसली.

“बदललाय ना?” तिने विचारलं.

“इथे वीस माणसं बघतायत त्याच्याकडे,” चिमी म्हणाली. तिची नजर दरवाज्यावर होती. “काय ते घरी येऊन बघा. पण न सांगता या.”

लेखिका हसली. चिमी हसली नाही. काकाने पुढच्या शॉटसाठी ओरडायला सुरुवात केली, आणि चिमी चाकं फिरवत कॅमेऱ्याची उंची बघायला गेली.